पडलेल्यांना दिलेली मतं

मोजणी चालू असतानाच तुम्ही गेलात. अमेरिकेचा नवा अध्यक्ष कोण, ते तुम्हाला कळलंच नाही. मला कळलं. तुम्हाला ठाऊक नाही आणि मला ठाऊक आहे, असं आपल्या सतरा वर्षांच्या संसारात कधी झालं नव्हतं. रमजानचे दिवस होते. पहाटेची सहेरी आटोपून मी टीव्ही लावला तर निकाल सांगत होते. मी सवयीने मागे वळून बघितलं. तुमच्या खुर्चीवर वाळलेले कपडे होते. मी टीव्ही बंद केला, तो आजपर्यंत लावलेला नाही.

तुम्ही गेल्यापासूनचे चार महिने दहा दिवस माझी इद्दत, त्यामुळे बाहेर जाणं नाही. दोह्यातल्या अल हिलालच्या ह्या खोलीत इद्दत संपेपर्यंत राहायला कंपनीने परवानगी दिली आहे. पुढे जावंच लागेल, माझा इथला व्हिसा तुमच्यामुळे होता. मी गावी जाईन, तुमच्या अम्मींजवळ राहीन. आपल्याला मूलबाळ नाही, म्हणजे त्या घरात त्या आणि मी. आणि अम्मींना एक खोटं सांगितलं गेलं आहे. तुमच्या धाकट्या भावाने, युसुफभाईंनी, त्यांना सांगितलं की भाईला गावी आणता आलं नाही, सरकारी कागद झाले नाहीत. कागद झाले असते. मी नको म्हटलं, म्हणून तुम्ही इथे वाळूत आहात. हे अम्मींना सांगायचं की नाही, ते मला ठरवायचं होतं. तुम्ही असतात तर कुशीवर वळून म्हणाला असतात, "यल्ला, चल, मत दे."

तो खेळ तुम्हीच काढलात. तुमच्या स्टोअरवरचा अमेरिकन साहेब आपल्या देशी परत जायला निघाला, तेव्हा कोणी त्याचा पंखा मागून घेतला, कोणी कुकर. तुम्ही एक जाड पुस्तक घेऊन आलात.

"ह्याचं काय करायचं?" मी विचारलं.

"मी वाचणार."

"आणि मी?"

"तू मत देणार."

त्यात अमेरिकेच्या सगळ्या निवडणुका होत्या, अगदी पहिल्यापासून. एका निवडणुकीला एक पान. जो निवडून आला त्याचं चित्र मोठं, जो पडला त्याचं लहान. तुम्ही म्हणालात, हे चालणार नाही, हिला लगेच कळेल. मग शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन तुम्ही त्यात दोन सारख्या खिडक्या कापल्यात. पुठ्ठा पानावर ठेवला की खिडक्यांतून दोन तोंडं दिसायची. शुक्रवारी तुम्ही जुम्म्याच्या नमाजाहून आलात की आपण जेवायचो, मग तुम्ही गालिच्यावर आडवे व्हायचात. एक बोट ओळीखाली, दुसऱ्या हाताशी डिक्शनरी. वाचून झालं की मला मराठीत सांगायचात. हा वकील होता. हा लढाईवर जाऊन आला. हा म्हणत होता गुलाम सोडा, हा म्हणत होता आताच नको.

मी खिडकीवर बोट ठेवायची. "ह्याला."

"कारण सांग. कारणाशिवाय मत बाद."

"ह्याचे डोळे रडल्यासारखे आहेत."

"अगं, त्याला अध्यक्ष करायचंय की मय्यतीला न्यायचंय?"

पुठ्ठा उचलला की माझा माणूस पडलेला असायचा. जवळजवळ दर शुक्रवारी. शेतकऱ्यांच्या बाजूने बोलणारा एक होता, त्याचं भाषण ऐकायला लोक उन्हात तासन्‌तास थांबायचे म्हणे. तो तीन वेळा उभा राहिला आणि तीन वेळा पडला. मी तिन्ही वेळा त्यालाच मत दिलं. तुम्ही कपाळाला हात लावलात. "तुला पडणारा माणूस वासाने कळतो की काय गं?"

आज सांगते. मला पहिल्या शुक्रवारपासून कळत होतं. खिडक्या सारख्या होत्या, पण चित्रं सारखी कुठे होती? मोठ्या चित्राचे नुसते नाकडोळे खिडकीत मावायचे. लहान चित्राचं डोकं, कान, गळ्याची कॉलर, सगळं दिसायचं. ज्याची कॉलर दिसली तो पडलेला. तुम्ही एवढ्या मेहनतीने पुठ्ठा कापला होता, किती वेळ पट्टीने मोजत बसला होतात. मी सांगितलं नाही. पुढे सांगायची वेळ निघून गेली, आणि त्याहून पुढे मला ते सांगायचंच नव्हतं.

गावी माझं नाव मतदारयादीत होतं. मतदानाच्या दिवशी तुमचे थोरले चुलते अंगणात येऊन सांगायचे, कुठल्या चित्रावर शिक्का मारायचा. आम्ही बायका रांगेने जायचो, शिक्का मारायचो, बोटाची शाई पुसत परत यायचो. त्याला मी मत कसं म्हणू? मला कोणी कारण विचारलं ते ह्या गालिच्यावर, ते पण मेलेल्या गोऱ्या माणसांबद्दल. तरी मला त्या शुक्रवारांची वाट बघायची सवय लागली. भांडी घासताना मी आदल्या शुक्रवारची कारणं परत मनात म्हणून बघायची.

एकदा दोन उमेदवारांची गोष्ट निघाली, ज्यांना टीव्हीवर समोरासमोर बोलायला लावलं होतं. त्यातल्या एकाला दिव्यांखाली घाम आला आणि तो पडला.

"घाम आला म्हणून पडला?" मी म्हटलं.

"तसं म्हणतात लोक."

"मग ह्या दोह्यात कोणी निवडूनच यायचं नाही."

तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. दुसऱ्या दिवशी ते स्टोअरमध्ये सांगितलंत, आणि तुमच्या मल्याळी जोडीदाराने निरोप पाठवला, भाभी को बोलो, एकदम सही बात. माझं एखादं वाक्य घराबाहेर जाऊन परत आलं, असं पहिल्यांदाच झालं. मी दिवसभर ओढणी सावरत फिरत होते, जसं काही कोणी बघतंय.

आणि तो एक, ज्याच्या पायातलं बळ गेलं होतं. त्याला खुर्चीवरून फिरवायचे. तुम्ही म्हणालात, हा चार वेळा उभा राहिला. मी म्हटलं, उभं राहता येत नव्हतं ना? तुम्ही म्हणालात, अगं, निवडणुकीला उभा. मग आपण दोघं हसलो. तुम्ही म्हणालात, आपल्या भाषेत माणूस उभा राहतो नाहीतर पडतो, मधे बसायची सोयच नाही.

ह्या वर्षीची निवडणूक पुस्तकात नव्हती. ती टीव्हीवर होती, आणि दोघंही जिवंत. एकाचा बाप आधी अध्यक्ष होऊन गेला होता, त्याला आपण "मुलगा" म्हणायचो. दुसरा पाठीला पट्टी बांधल्यासारखा उभा राहायचा, त्याला "ताठ". मतदान झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही सकाळी कामावरून फोन केलात.

"कोण?"

"मुलगा आला," मी म्हटलं. "लोक नाचतायत."

तुम्ही जेवायला घरी आलात तोवर टीव्हीवाल्यांनी ते मागे घेतलं होतं. तुम्ही चपला काढतानाच बोलायला लागलात. "मी सगळ्यांना सांगून बसलो, मुलगा आला. माझी बायको घरी बसून निकाल देते म्हणालो. खलास. आता कोण विचारणार मला?" तोंडावर राग होता आणि डोळ्यांत हसू. मोजणी परत सुरू झाली, आणि त्यानंतर रोज तेच. माणसं मतपत्रिका उजेडात धरून बघायची, मतासाठी पाडलेलं भोक पूर्ण पडलं की अर्धं. तुम्ही म्हणायचात, आपल्याकडे तांदूळ निवडतात तसे निवडतायत.

मग तो शेवटचा शुक्रवार. मी ताटं उचलत होते. तुम्ही म्हणालात, "समज, तुझ्या एका मतावर अडलंय. कोण?"

"मला काय विचारता? मला काय कळतं?"

"सगळ्या मेलेल्यांबद्दल कळत होतं ना?"

"अजून कोणी पडलेलंच नाही," माझ्या तोंडातून गेलं.

तुम्ही उठून बसलात. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलात. तुम्हाला कॉलरचं कळलं की काय, अशी मला भीती वाटली. पण तुम्ही दुसरंच बोललात. "तू मत देतच नाहीस गं. तू नुसती सांत्वनाला जातेस. जो पडला त्याने काही केलंच नाही, म्हणून तो तुला चांगला वाटतो. कोणाला निवडून आणायचं म्हटलं की तुझे हात कापतात."

मला झोंबलं. मी म्हटलं, "तुम्हाला बरं आहे. तुम्ही रोज बाहेर चार माणसांत बोलता." आणि ताटं घेऊन आत गेले. नळ मोठा सोडला, म्हणजे तुम्ही हाक मारली तर ऐकू येऊ नये. तुम्ही हाक मारलीत की नाही, मला माहीत नाही. मी त्यावर किती दिवस घालवले असतील. त्या नळामागे तुमचा आवाज होता का? शनिवारी आपण नीट बोललो, रविवारीही, सोमवारी तुम्ही मला कोथिंबीर निवडून दिलीत. त्या शुक्रवारचं मात्र दोघांनी काढलं नाही.

मंगळवारी सकाळी फोन वाजला. युसुफभाई अल खोरहून, त्यांच्या कामाच्या गावातून, बोलत होते. तुमच्या कंपनीने आधी त्यांना कळवलं होतं. लाइन खराब होती. मला एवढंच ऐकू आलं, "भाबी, पडले."

मला वाटलं, मोजणी संपली. मला वाटलं, भावाभावांनी काहीतरी पैज लावली असणार, तुम्हीच त्यांना फोन करायला लावला असणार. मी हसून विचारलं, "कोण पडला? ताठ की मुलगा?"

त्यांनी आवाज मोठा केला. मग म्हणाले, "भाबी, भाई. भाई पडले स्टोअरमध्ये."

ते हसू अजून माझ्या तोंडावर आहे असं मला वाटतं. तोंड धुताना मी ते चोळते. तुम्ही जमिनीवर पडलेले होतात आणि मी फोनवर हसत होते. युसुफभाईंनी कधी कोणाला सांगितलं नाही, मला बोल लावला नाही. पण त्यांनी ऐकलंय, आणि मी ऐकलंय.

शेजारीण मला टॅक्सीने हॉस्पिटलात घेऊन गेली, तोवर सगळं झालं होतं. त्यांनी मला तुमचं तोंड दाखवलं. लोक म्हणतात झोपल्यासारखा दिसतो. तुम्ही तसे दिसत नव्हतात. तुम्ही झोपायचात तेव्हा तुमची उजवी भुवई वर जायची, ती जागेवर होती. खोली फार गार होती. तुम्हाला एसी सोसायचा नाही. मे महिन्यात सुद्धा तुम्ही तो बारीक करायचात, मानेभोवती टॉवेल गुंडाळून झोपायचात, आणि मी घामाने भिजत पडायची. त्या गार खोलीत तुमच्या मानेवर काही नव्हतं.

युसुफभाई दुपारपर्यंत आले. बाहेर बाकावर ते, तुमच्या कंपनीचा कागदपत्रं करणारा अरब मंदूब, मल्याळी जोडीदार आणि मी. मंदूब हिंदी बरं बोलत होता. त्याने सांगितलं, इथे दफन करायचं तर आज असरच्या, तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर होईल. इंडिया पाठवायचं तर पण होईल, चार-पाच दिवस लागतील. तोपर्यंत बॉडी इथेच, फ्रीजमध्ये.

युसुफभाई म्हणाले, "गावी न्यायचं. अम्मी वाट बघतील. तिने तोंड तरी बघायला पाहिजे."

मंदूब म्हणाला, बीवी को पूछो, बीवी का साइन लगेगा.

सगळे माझ्याकडे वळले. मी नेहमीसारखी खाली बघायला लागले. तुमच्या घरात मला कोणी काही विचारलं की मी खाली बघते आणि कोणीतरी माझ्या बदली बोलतं. बहुतेक तुम्हीच. ह्या वेळी खूप वेळ कोणीच बोललं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ते थांबलेत.

"आज," मी म्हटलं. "इथेच."

"भाबी, अम्मीला काय सांगू?"

"चार दिवस त्या थंडीत नको."

"ते आता त्यांना काय कळतंय, भाबी," युसुफभाई म्हणाले आणि रडायला लागले. मी सही केली. मराठीत, तुम्ही शिकवली होतीत तशी, आडनाव शेवटी. असरनंतर पुरुष तुम्हाला घेऊन अबू हमूरच्या कबरस्तानात गेले. मी घरी आले. तुमचा टॉवेल दोरीवर होता.

मला एक गोष्ट सुचली नव्हती. मी तुम्हाला इथे ठेवलं, पण मला इथे राहता येत नाही. हे मला दफन झाल्यावर आठव्या दिवशी कळलं, मंदूब व्हिसाचं सांगायला आला तेव्हा. इतकी वर्षं तुमच्या पासपोर्टाला चिकटून राहिलेल्या बाईला ते त्या बाकावर आठवू नये? मला तुमच्या मानेशिवाय काही दिसत नव्हतं. आता मी जाईन, आणि तुमच्याजवळ कोणी येणार नाही. युसुफभाईंचं काम संपलं की ते पण जातील.

बाकावरची ती निवडणूक मी रोज परत घेते. गावचं कबरस्तान डोळ्यांसमोर आणते. काजूची झाडं, वर समुद्राचा वारा. अम्मी तुमच्या तोंडावरून हात फिरवतात. मी रोज संध्याकाळी चालत येऊन बाजूला बसते. त्यात विमान उशिरा येत नाही. पेटी उघडल्यावर तुमचं तोंड काळवंडलेलं नसतं. अम्मी किंचाळत नाहीत. सगळं नीट होतं, कारण ते झालंच नाही. तुम्ही त्या शुक्रवारी हेच म्हणत होतात ना? पडलेल्याने काही केलंच नाही, म्हणून तो चांगला वाटतो. मला राग आला होता, कारण तुम्ही बरोबर होतात. मी कॉलर बघून मत द्यायची, म्हणजे त्याने पुढे लढाई केली, कोणाला फाशी दिली, माणसं उपाशी मारली, असं कधी माझ्या माथी येणार नाही. तुम्ही मला निवडायला शिकवत होतात आणि मी तुम्हाला फसवत होते. पण तुम्ही विचारत राहिला नसतात, तर त्या बाकावर माझ्या तोंडून शब्द फुटला नसता, हे पण खरं आहे.

युसुफभाई शुक्रवारी येतात. भाजी, दूध दारात ठेवतात, पडद्यापलीकडे बसतात. त्यांनीच सांगितलं की अमेरिकेतली मोजणी पुरी झालीच नाही, मोठ्या कोर्टाने थांबवली आणि मुलगा आला. मी ऐकून घेतलं. मग मी त्यांना म्हटलं, "अम्मींना खरं सांगायला पाहिजे."

"कशाला, भाबी? मी सांगितलंय ना. सरकारवर गेलं, कोणाच्या अंगावर नाही."

"मला त्यांच्याजवळ राहायचंय."

"म्हणून तर म्हणतो. म्हाताऱ्या बाईच्या मनात एकदा बसलं तर निघत नाही. तुम्हाला रोज त्या घरात जेवायचंय."

"तेच तर."

ते उठले. "तुमची मर्जी," म्हणाले, आणि जाताना फोनचं कार्ड पडद्याखालून आत सरकवलं.

काल अम्मींना फोन लावला. गावी त्यांच्या शेजारच्या हमीदाबींकडे फोन आहे. आधी सांगून ठेवलं, अम्मींना बोलावून आणा, मग परत लावला. त्या धापा टाकत होत्या. माझी तब्येत विचारली, जेवतेस का विचारलं. मी म्हटलं, "अम्मी, कागद झाले असते. मी नको म्हटलं."

"तू?"

"मी."

"युसुफ नाही?"

"ते गावी आणूया म्हणत होते."

लाइनवर खरखर होती. मागे कोणीतरी कोंबड्या हाकत होतं.

"मला का नाही विचारलंस?"

ह्याची उत्तरं मी महिनाभर तयार केली होती. त्यातलं एकही आलं नाही. "तुम्ही आण म्हणाला असतात," मी म्हटलं, "आणि मग मला नाही म्हणता आलं नसतं."

परत खरखर. मला वाटलं, लाइन गेली.

"किती वेळ ठेवला होता त्याला?"

"सकाळपासून असरपर्यंत. त्याहून जास्त नाही."

"बरं," अम्मी म्हणाल्या, आणि फोन हमीदाबींकडे दिला.

कालपासून मी ते "बरं" उलटून पालटून बघते आहे. बरं झालं, असं होतं ते? की बरं, ठेव आता? की, बरं, ये तर खरी? तुम्ही त्यांच्या पोटचे, तुम्हाला आवाजावरून कळलं असतं. मला कळलं नाही. इद्दत संपली की मी त्या घरात जाईन, त्यांच्या चुलीवर भाकरी थापीन, त्यांच्या बाजूच्या चटईवर झोपेन. त्या "बरं"चा अर्थ त्या एखाद दिवशी सांगतील, कदाचित सांगणारही नाहीत. त्या एका शब्दाशेजारी मला आता राहायचं आहे.